शी शिननिंगचा माओ याल्टाला कसा पोहोचला?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे मधूनच वाचायला घेणाऱ्यालाही संदर्भ लागेल. तुम्ही कलेतिहासाच्या सेमिनारसाठी शी शिननिंग हा चिनी चित्रकार निवडला आहे. त्याच्या चित्रात दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस झालेल्या याल्टा परिषदेच्या प्रसिद्ध फोटोतल्या चर्चिल, रूझवेल्ट आणि स्टालिन यांच्या पंगतीला माओ येऊन बसलाय. तुमचं म्हणणं असं, की हे काम आज मोबाइलवर पाच मिनिटांत होतं, मग यात चित्रकला कुठे आहे? आणि हा माणूस माओची खिल्ली उडवतोय की त्याला आणखी मोठा करतोय, हेही ठरत नाहीये.

मी चित्रकार आहे, बरीच वर्षं शिकवतोही, आणि फोटोवरून तैलरंगात काम करणं हा माझा रोजचा उद्योग. त्यामुळे उत्तर चित्रकाराच्या बाजूने देतो.

मला वाटतं तुम्ही अडलाय ते वेगळ्याच ठिकाणी. चित्र तुमच्याकडे हसू मागतंय, पण कशाला हसायचं ते सांगत नाही. व्यंगचित्र असतं तर नाक मोठं करून, पोट सुटलेलं दाखवून त्याने दिशा दिली असती. इथे माओचा चेहरा अगदी सरकारी फोटोतल्यासारखा, शांत आणि नेटका आहे. मग उपरोध शोधायचा कुठे? चेहऱ्यात शोधलात तर सापडणार नाही. तो फोटोच्या साक्षीत आहे, म्हणजे "फोटो आहे, त्या अर्थी घडलं असणार" या आपल्या सवयीत.

किती दिसेल हे अर्थात तुमच्यावरही अवलंबून आहे. फोनच्या पडद्यावर चित्र इंचभर झालं की ते खरोखरच जुन्या फोटोसारखं दिसतं आणि तुमचा "पाच मिनिटांत होतं" हा आक्षेप रास्त वाटतो. कॅनव्हास समोर असेल तर ब्रशचे फटकारे दिसतात, कडा कुठे विरघळवल्यात ते कळतं. दुसरं म्हणजे मूळ फोटो तुमच्या डोळ्यांत किती मुरलाय. ज्याने तो पाहिलेलाच नाही, त्याला हे चार म्हाताऱ्यांचं चित्र वाटेल. आणि तिसरं वय. ज्यांचं बालपण माओच्या तसबिरीखाली गेलं त्यांना यात जे बोचतं, ते आपल्याला बोचणार नाही, आणि त्याचं सोंग आणण्यातही अर्थ नाही.

आता मूळ फोटो नीट बघा. फेब्रुवारी 1945, क्रिमियातल्या लिवादिया राजवाड्याचं अंगण. जमिनीवर गालिचे अंथरलेत, त्यावर तीन आसनं. डावीकडे जाडजूड ओव्हरकोटातला चर्चिल, मध्ये खांद्यावरून केप घेतलेला आणि चेहरा पार ओढलेला रूझवेल्ट, उजवीकडे लष्करी पोशाखातला स्टालिन. मागे अधिकाऱ्यांची वर्दळ. रूझवेल्ट यानंतर जेमतेम दोन महिने जगला. युद्धानंतरच्या जगाची वाटणी म्हटलं की हाच फोटो छापला जातो.

त्याच आठवड्यात चीनबद्दल काय ठरलं तेही बघा. जर्मनी शरण आल्यावर दोन-तीन महिन्यांत आपण जपानविरुद्ध उतरू, असा शब्द स्टालिनने दिला. बदल्यात पोर्ट आर्थरचा नाविक तळ भाडेपट्ट्याने, दायरेन बंदरात खास हक्क, मांचुरियातल्या रेल्वेत भागीदारी आणि बाह्य मंगोलियाची "आहे तशी" स्थिती, एवढं त्याने पदरात पाडून घेतलं. हे सगळं चीनच्या जमिनीबद्दल, आणि चीन त्या टेबलाशी नव्हता. चीनचा तेव्हाचा सत्ताधारी चँग कै-शेक, त्यालाही बोलावलं नव्हतं. माओ तेव्हा येनानच्या गुहाघरांत, एका बंडखोर पक्षाचा पुढारी. त्याला कोण विचारतो! पोर्ट आर्थर आणि दायरेन म्हणजे आजचे ल्यूशुन आणि दालियन, ल्याओनिंग प्रांतातले. शी शिननिंगचा जन्म 1969 चा, त्याच ल्याओनिंगमधला. चित्रकाराने हा धागा मनात धरून ब्रश उचलला असं मी म्हणत नाही. पण तुम्ही सेमिनारमध्ये हे चित्र वाचणार असाल, तर हा नकाशा हातात असू द्या. मग माओची ती जागा निव्वळ गंमत राहत नाही. जिथे चीनला खुर्ची नव्हती तिथे नंतर, रंगाने, एक खुर्ची घातली गेली आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. माओ आयुष्यात चीनबाहेर फक्त दोनदा गेला, दोन्ही वेळा सोव्हिएत रशियाला: 1949 च्या डिसेंबरपासून 1950 च्या फेब्रुवारीपर्यंत, आणि पुन्हा 1957 च्या नोव्हेंबरात. शी त्याला जगभर फिरवतो. कुठे तो ब्रिटिश राजघराण्यातल्या बाईंच्या शेजारी बग्गीत आहे, कुठे व्हेनिसमध्ये पेगी गुगेनहाइम या अमेरिकी कलासंग्राहक बाईंच्या संगतीत. ज्याने देशाची दारं बंद ठेवली, त्याचा हा पासपोर्ट!

आता तुमच्या "चित्रकला कुठे आहे" या प्रश्नाकडे येतो. हा माझ्या हाताचा विषय आहे, तेव्हा थोडा रेंगाळणार.

दोन वेगळ्या फोटोंतली माणसं एका चौकटीत आणायची झाली की तीन गोष्टी दगा देतात. उजेडाची दिशा, कॅमेऱ्याची उंची आणि कडा. याल्टाचा फोटो उघड्या अंगणातला. उजेड मऊ, पसरलेला. माओचे अधिकृत फोटो बहुतेक वेळा चेहरा उजळून, सावल्या पुसून काढलेले. नुसतं कापून चिकटवलं तर माओ कागदाच्या कटआउटसारखा उभा राहील. आपल्याकडे चौकाचौकात फ्लेक्स लागतात, त्यात गल्लीतल्या भावी नगरसेवकाच्या खांद्याला खांदा लावून दिल्लीतला नेता उभा असतो. तिथे जोड लपवायची कुणाला गरजच वाटत नाही, कारण बघणाऱ्यालाही ठाऊक असतं की हे दोघं कधी भेटलेले नाहीत. शीचं काम नेमकं उलटं आहे. त्याला जोड दिसू द्यायचा नाही.

त्यासाठी त्याने निवडलेलं पहिलं हत्यार म्हणजे करडा रंग. सगळं चित्र काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या छटांमध्ये. एकरंगात काम केलं की कातडीचा रंग, कोटाचा रंग, गवताचा रंग हे सगळे वाद मिटतात; चित्रकाराला सांभाळायचा उरतो फक्त गडद-फिक्याचा हिशेब. माझ्या विद्यार्थ्यांना मी हेच आधी करायला लावतो: दोन फोटो घ्या, रंग काढून टाका, मग डोळे किलकिले करून बघा की सर्वांत गडद डाग कुठे पडतो. माओच्या कोटाचा गडदपणा शेजारच्या ओव्हरकोटाशी जुळला की अर्धी लढाई जिंकली. उरलेली अर्धी कडांची. चेहऱ्याची उजेडाकडची कड धारदार ठेवायची, सावलीकडची मागच्या माणसाच्या सावलीत मिसळू द्यायची. आकृती जागेवर "बसते" ती या हरवलेल्या कडेमुळे.

करड्याचं दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. 1966 ते 76 च्या सांस्कृतिक क्रांतीच्या काळात माओ रंगवण्याचे अलिखित पण कडक नियम होते. चित्र लाल, उजळ आणि तकतकीत हवं. चेहऱ्यात थंड छटा नकोत, फटकारे दिसायला नकोत. 1967 मध्ये ल्यू चुनह्वाने रंगवलेलं अनयुआन खाणींकडे निघालेल्या तरुण माओचं चित्र आठवा; लांब झगा, हातात छत्री, मागे ढगांनी भरलेलं आभाळ आणि चेहरा जणू आतून उजळलेला. त्याच्या कोट्यवधी प्रती छापल्या गेल्या. शी शिननिंग त्या माओचा सगळा लाल रंग काढून घेतो आणि त्याला वर्तमानपत्राच्या शाईत उतरवतो. देवघरातून काढून बातमीत नेऊन बसवतो, म्हणा. (फोटोवरून करड्यात रंगवणारा जर्मन चित्रकार गेरहार्ड रिक्टर तुम्हाला इथे आठवेल, आठवायलाही हवा. पण रिक्टर प्रतिमा पुसट करून फोटोवरचा विश्वास ढिला करतो. शी तो विश्वास शाबूत ठेवतो, कारण त्याला तो वापरायचा आहे.)

आणि आता मोबाइलचं. फोटोशॉपमध्ये तुम्ही माओला घातलंत तर एक माणूस खोटा आणि तीन खरे, असा हिशेब राहतो. रंगवताना तसं होत नाही. चर्चिलचा कोट, रूझवेल्टचा हात, मागच्या भिंतीची कमान, सगळंच त्याच ब्रशने, त्याच रंगाने पुन्हा घडतं. कॅनव्हासवर चर्चिल माओइतकाच रचलेला असतो. चौघेही एकाच मातीचे. बघणारा माओच्या खोटेपणावर हसायला जातो आणि मागोमाग त्याला उरलेल्या तिघांच्या खरेपणाचाही आधार सुटल्यासारखा वाटतो. हे पाच मिनिटांत होत नाही, आणि मोबाइलवर तर होतच नाही.

त्याचं 2000-01 मधलं एक चित्र यापेक्षाही पक्कं आहे: चीनमध्ये मार्सेल द्युशाँचं सिंहावलोकनी प्रदर्शन भरलंय आणि माओ ते बघायला आलाय. 2008 मध्ये लंडनच्या साची गॅलरीने नव्या चिनी कलेचं मोठं प्रदर्शन मांडलं, त्यात शीचं काम बऱ्याच जणांनी पहिल्यांदा पाहिलं. चित्रात चौथऱ्यावर आहे द्युशाँने 1917 मध्ये कलाकृती म्हणून पाठवलेलं ते प्रसिद्ध मूत्रपात्र, आणि समोर माओ आणि त्याचा लवाजमा. माओ ज्या नजरेने ट्रॅक्टर किंवा पोलादाची नवी भट्टी पाहायचा, त्याच जबाबदार नजरेने तो हे पाहतोय. असं प्रदर्शन माओच्या चीनमध्ये भरणं अशक्य होतं, हा पहिला विनोद. दुसरा जरा खोल आहे. द्युशाँने काय केलं होतं? एक वस्तू उचलून नको त्या जागी ठेवली, आणि जागा बदलल्यावर वस्तूचा अर्थ बदलला. शी माओबाबत तंतोतंत तेच करतो. म्हणजे त्या चित्रात जागा बदललेल्या वस्तू दोन आहेत.

इथवरचं एका ओळीत: मूळ फोटो ओळखा, त्यातून कोण गैरहजर होतं ते शोधा, आणि करड्या रंगाने काय झाकलं, काय उघडं पाडलं ते पाहा. आता पुढचा भाग, जो मला वाटतं तुमच्या सेमिनारचा कणा होऊ शकेल.

शी माणूस घालतो. त्याच्या आधीच्या पिढीतला युए मिनचुन माणसं काढतो. युए तुम्हाला माहीत असेल तो गुलाबी चेहऱ्याच्या, सगळे दात दाखवून हसणाऱ्या माणसांसाठी. जन्म 1962 चा, दाछिंग या तेलाच्या गावचा. त्याचं 1995 मधलं हास्यमुद्रेतल्या देहदंडाचं चित्र 2007 मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे 59 लाख डॉलरला गेलं, तेव्हा त्याचं नाव घरोघरी पोहोचलं. पण मला त्याची ती हसरी चित्रं एका मर्यादेनंतर एकसुरी वाटतात. त्याचं खरं धारदार काम मी 2001 च्या आसपासच्या रिकाम्या चित्रांना म्हणेन. त्याने प्रसिद्ध क्रांतिचित्रं जशीच्या तशी रंगवली, फक्त माणसं वगळून. त्यातलं एक म्हणजे राष्ट्रस्थापनेचा सोहळा.

त्या मूळ चित्राची कथा ऐकाच. 1 ऑक्टोबर 1949, तिआनानमेनच्या सज्जातून माओ प्रजासत्ताकाची घोषणा करतोय. दोंग शीवेनने हे 1953 मध्ये रंगवलं, चार मीटर रुंद. लाल खांब, आकाशकंदील, गालिचा, शेवंतीच्या कुंड्या. तैलरंगात, पण चिनी लोकचित्रांच्या रसरशीत रंगात. मैदान मोकळं दिसावं म्हणून त्याने एक खांब सरळ गाळला. वास्तुरचना म्हणून चूक, चित्र म्हणून बरोबर. मग राजकारण सुरू झालं. उजवीकडे उभा असलेला गाओ गांग हा नेता पक्षातून उडाला, तेव्हा दोंगला त्याला पुसून तिथे आभाळ रंगवावं लागलं. सांस्कृतिक क्रांतीत राष्ट्राध्यक्ष ल्यू शाओचीची पाळी आली. पुन्हा खरवड, पुन्हा रंग. 1972 मध्ये लिन बोछू या आणखी एका नेत्यालाही काढायचं ठरलं, पण दोंग तोवर अंथरुणाला खिळलेला होता, म्हणून चिन शांगयी आणि चाओ यू या चित्रकारांना नवीन प्रत करायला लावली. दोंग 1973 मध्ये गेला. पुढे वारं फिरलं आणि 1979 नंतर वगळलेली माणसं प्रतीवर परत रंगवली गेली.

आता युएचं चित्र समोर ठेवा. खांब आहेत, कंदील आहेत, गालिचा आहे, माणूस एक नाही. सरकार एकेक करून पुसत होतं. याने ते काम एका दमात उरकलं. मला हा समकालीन चिनी चित्रकलेतला सगळ्यात कोरडा विनोद वाटतो, आणि त्यात एकाही चेहऱ्यावर हसू नाही, कारण चेहराच नाही.

याला कल्पनाविलास समजू नका. सप्टेंबर 1976 मध्ये माओच्या शोकसभेला नेते ओळीने उभे होते, त्याचा फोटो निघाला. महिन्याभरात माओची बायको च्यांग छिंग आणि तिचे तिघे साथीदार तुरुंगात गेले. नोव्हेंबरात तोच फोटो मासिकात छापला तेव्हा त्या चौघांच्या जागी ओळीत चक्क फटी होत्या. आणि घालण्याचं उदाहरण हवं असेल तर 2015 घ्या. कैरो जाहीरनाम्यावर चीनमध्ये चित्रपट आला. 1943 च्या त्या परिषदेला रूझवेल्ट आणि चर्चिलबरोबर बसला होता चँग कै-शेक. पोस्टरवर मात्र माओची भूमिका करणारा नट! चिनी नेटकऱ्यांनी त्या पोस्टरवर वाट्टेल ते चेहरे चिकटवून धमाल उडवली. शी शिननिंग जे पंधरा वर्षं आधी उपरोधाने करत होता, ते प्रसिद्धी विभागाने गंभीर चेहऱ्याने केलं.

तेव्हा खिल्ली की स्तुती? माझं मत असं, की माओ या चित्रांत लक्ष्य म्हणून कमी आणि साधन म्हणून जास्त येतो. त्याचा चेहरा हे तिथलं सर्वांत जास्त छापलं गेलेलं चित्र. 1999 पासून आलेल्या नोटांच्या मालिकेत तर दर्शनी बाजूला एकटा तोच आहे. पक्षाने 1981 च्या ठरावात त्याच्या चुका मान्य केल्या, पण कामगिरी वरचढ ठरवून विषय मिटवला. त्याच्या धोरणांमुळे 1959 ते 61 च्या दुष्काळात किती मेले याचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात, आणि ठराव त्या आकड्याच्या जवळही फिरकत नाही. ज्याच्याबद्दल उघड बोलता येत नाही आणि जो खिशातल्या प्रत्येक नोटेवर आहे, त्याच्याकडे तिरकंच बघावं लागतं. शीची चित्रं त्या तिरकेपणाची आहेत. पुस्तकांत त्याला वांग ग्वांगयीसारख्यांच्या राजकीय पॉपच्या, म्हणजे क्रांतीची घोषणाचित्रं आणि जाहिराती यांची सांगड घालणाऱ्या शैलीच्या, खात्यात टाकलेलं दिसेल. सोयीचं आहे, पण वांग घोषणाफलकांशी खेळतो आणि शी पुराव्यांशी, एवढा फरक नोंदवा.

हा तिरकेपणा आजच्या चीनमध्ये कितपत चालेल, हे मात्र दिवसेंदिवस आक्रसत चाललंय. युएच्या सैनिकी वेशातल्या हसऱ्या माणसांवर 2023 मध्ये समाजमाध्यमांतून सैन्याचा अपमान केल्याची झोड उठली. 2024 च्या ऑगस्टमध्ये माओवर उपरोधिक शिल्पं करणाऱ्या गाओ बंधूंपैकी गाओ चेनला हपै प्रांतात अटक झाली. शिल्पं दशकाहून जुनी, आणि कायदा हुतात्म्यांच्या बदनामीचा, अलीकडचा. म्हणून शी शिननिंगचं ते 2000-01 चं द्युशाँ-प्रदर्शनाचं चित्र त्या काळच्या मोकळीकीत ठेवूनच वाचा.

सेमिनारसाठी एक सुचवतो. शीच्या शेजारी अतुल डोडिया हा चित्रकार ठेवा. आपल्या जे. जे.चा विद्यार्थी, मुंबईचा. 1998 मध्ये त्यांनी गांधीजींना न्यूयॉर्कच्या रेने ब्लॉक गॅलरीत नेलं, 1974 सालात, जिथे योझेफ बॉइस या जर्मन कलावंताने कोयोटीबरोबर (लांडग्याच्या जातीचा अमेरिकी प्राणी) आपला तो गाजलेला प्रयोग केला होता. युक्ती तीच: राष्ट्रपुरुष, न घडलेली भेट, आधुनिक कलेची पंढरी. गंमत म्हणजे आपल्याकडे गांधीजींच्या नोटांची मालिका 1996 ची, आणि डोडियांची ही चित्रं त्यानंतर दोन-तीन वर्षांतली. माओचाही क्रम तसाच. पण डोडियांचे गांधीजी बॉइसच्या खोलीत परके वाटत नाहीत. अंगावरचं पांघरूण, हातातली काठी, उपास-मौनाचे प्रयोग, दोघांचं गोत्र जुळतं, आणि बघणाऱ्याला वाटतं की ही भेट व्हायला हवी होती. माओ आणि द्युशाँबद्दल तसं कुणाला वाटत नाही. तुमचा "खिल्ली की स्तुती" हा प्रश्न या दोन चित्रांच्या मध्ये उभं राहून विचारलात तर तो बराच सोपा होईल. फक्त एक सांभाळा: डोडियांचं ते काम जलरंगातलं आहे. कडा, जोड आणि गडद छटांबद्दल मी वर जे लिहिलंय ते तैलरंगाचं. जलरंगात कागदाचा पांढरेपणा आकृतीतून वर येतो, तेव्हा तिथे गांधीजी किती ठोस आहेत आणि किती विरळ, याकडे आधी लक्ष द्या.